परीक्षेपुरते सोवळे

माणूस खोटे बोलतो, पुढारी खोटे बोलतो, पत्रिका मांडणाऱ्याचे तर पोटच खोट्यावर चालते. पण यंत्र खोटे बोलत नाही, अशी आपली भाबडी समजूत होती. काटा मारतो तो व्यापारी. काटा स्वतःहून काही करीत नाही, हे कापसाच्या बाजारात उभे राहून वऱ्हाडातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शिकला. १८ सप्टेंबर २०१५ रोजी ही समजूतही मोडीत निघाली. त्या दिवशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन या बलाढ्य जर्मन कंपनीला नोटीस बजावली. कंपनीने आपल्या डिझेल गाड्यांत अशी संगणकीय आज्ञावली बसवली होती, की गाडीची तपासणी चालू आहे हे गाडीलाच कळावे आणि तेवढ्यापुरता तिने धूर आवरून धरावा.

हे कसे घडत होते? गाडीच्या धुराची सरकारी चाचणी प्रयोगशाळेत होते. गाडी रुळांवर उभी करतात, चाके जागच्या जागी फिरतात, वेग ठरलेल्या क्रमाने कमी-जास्त करतात. चाके फिरत आहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजेच ही परीक्षा आहे, असे गाडीतला संगणक ओळखायचा. मग धूर शुद्ध करणारी सारी यंत्रणा पुरेपूर कामाला लागायची. परीक्षा संपून गाडी रस्त्यावर आली, की यंत्रणा ढिली. अमेरिकेत तपासलेल्या गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. हे पितळ उघडे पाडले ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहानशा गटाने. मोजमापाचे यंत्र गाडीत ठेवून ते गाडी खऱ्या रस्त्यावर घेऊन गेले. त्या गटात भारतातून गेलेले तरुण संशोधकही होते.

आमच्या वाचकांना हा प्रकार परका वाटू नये. पूजेपुरते सोवळे नेसायचे, पाटावर बसून शुद्धतेचा आव आणायचा आणि उठल्यावर हवे ते करायचे, ही रीत या देशाने हजारो वर्षे पाहिली आहे. जर्मन इंजिनिअरांनी तीच रीत यंत्रात भरली. परीक्षकासमोर सोवळे आणि वस्तीत विटाळ! फरक एवढाच, की हा विटाळ खरा आहे. तो फुप्फुसात जातो.

आता कुणी म्हणेल, अमेरिका-जर्मनीच्या भानगडीशी अकोला-अमरावतीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्या दारापर्यंत येतो. फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकणला २००९ पासून उभा आहे, तिच्याच स्कोडा कंपनीचा त्याआधीपासून औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला आहे. बातमी फुटल्यावर केंद्र सरकारने पुण्याच्या एआरएआय या संस्थेकडून तपासणी करून घेतली. कंपनीच्या गाड्या रस्त्यावर भारत स्टेज-४ च्या मर्यादेपेक्षा १.१ ते २.६ पट जास्त धूर सोडतात, असे आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या. कंपनीचे म्हणणे काय? आम्ही भारताचा नियम मोडलेलाच नाही. इथल्या नियमात रस्त्यावरची चाचणीच नाही. म्हणजे चोराने सांगावे, की तुमच्या वाड्याला मागची भिंतच नव्हती, मग मी भिंत फोडली कशी?

परंतु फोक्सवॅगनच्या आधी आमच्या माणसांच्या अधिक जवळची एक गाडी होऊन गेली. तिचे नाव टवेरा. अमेरिकेच्या जनरल मोटर्सची ही आठ-दहा माणसे बसवणारी डिझेल गाडी वऱ्हाडच्या रस्त्यांवर भाड्याने धावली. लग्नाच्या वरातीला टवेरा, दवाखान्यात नागपूरला न्यायला टवेरा, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायला वर्गणी काढून केलेली गाडीही पुष्कळदा टवेराच. जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ ते २०१३ या काळात बनवलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. आपल्याच काही माणसांनी चाचणीत लबाडी केली, हे कंपनीनेच सरकारला कळवले. काय लबाडी? कमी धूर सोडणारी इंजिने निवडून बाजूला ठेवायची आणि तपासणीच्या गाडीत तीच बसवायची. गाडीच्या वजनाच्या आकड्यांतही फेरफार होता. सरकारने नेमलेल्या समितीने याला कंपनीने केलेली फसवणूक म्हटले. काही अधिकाऱ्यांना कंपनीने काढून टाकले. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातली विक्रीच बंद केली. कंपनी गेली, गाड्या, त्यांचे हप्ते आणि त्यांचा धूर मात्र इथेच राहिला.

आता प्रश्न येतो मालकाच्या मनाचा. आपली गाडी खोटे सर्टिफिकेट घेऊन जन्मली, हे कळल्यावर मालकाला काय वाटते? लोकांशी बोलताना आम्हाला तीन तऱ्हेची मने दिसतात.

पहिला मालक म्हणजे भाड्याची गाडी चालवून पोट भरणारा. कर्ज काढून गाडी घेतली, दिवसा अकोला-वाशीम किंवा अमरावती-परतवाडा फेऱ्या, रात्री लग्नाचे भाडे. त्याचे उत्तर सरळ असते : "गाडी पयते ना भाऊ, मंग झालं. धूर तं साऱ्याच गाड्याइचा निंघते." त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्याच्या डोक्यावर फायनान्सवाल्याचा हप्ता आहे, त्याला एक दिवस गाडी वर्कशॉपमध्ये लावणे म्हणजे एका दिवसाची चूल बंद करणे. शिवाय त्याला एक धास्ती असते : धूर कमी करायला गेले आणि ॲव्हरेज कमी झाले, ओढ कमी झाली, तर नुकसान कोण भरून देणार? ही धास्ती अडाणीपणाची नाही. यंत्रशास्त्रात तिला आधार आहे. डिझेल इंजिनात नायट्रोजन ऑक्साइड दाबायला गेले, तर ओढ किंवा डिझेल यांपैकी कशावर तरी ताण येऊ शकतो. कंपनीने लबाडी केली ती हाच खर्च वाचवण्यासाठी. म्हणजे मालकाला जे ॲव्हरेज गोड लागले, त्यातला काही वाटा शेजाऱ्याच्या छातीतून काढलेला होता.

दुसरा मालक म्हणजे पैसेवाला. कापसाचा व्यापारी, मोठा डॉक्टर, ठेकेदार. त्याला राग आला तो धुराचा नव्हे, किमतीचा. गाडी विकायला काढली तर भाव किती पडेल, ही त्याची चिंता. असा राग आला, की तो गाडी बदलतो. जुनी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात पडते, दुसऱ्याकडून तिसऱ्याच्या. शेवटी ती अशा माणसाच्या दारात येऊन उभी राहते, ज्याला या भानगडीचे नावही ठाऊक नसते.

तिसरा मालक आमचा आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडे अधिक बोलू. बाबासाहेबांच्या पुण्याईने शिकलेला, आरक्षणाच्या हक्काने नोकरीत शिरलेला प्राध्यापक, बँकेतला अधिकारी, जिल्हा परिषदेतला इंजिनिअर. त्याच्या बापाने गावात पायी, वेशीबाहेरून जाण्याचे दिवस पाहिले. त्याने परदेशी कंपनीची गाडी घेतली, काचेसमोर तथागतांची लहानशी मूर्ती ठेवली, मागच्या काचेवर 'जय भीम' लावले. ती गाडी हौसेची चीज नव्हती. ती वस्तीच्या मानाची खूण होती. अशा माणसाला जेव्हा कळते, की आपल्याला 'जर्मन तंत्रज्ञान' म्हणून जे विकले त्यात खोट होती, तेव्हा त्याला नुसते फसल्यासारखे वाटत नाही, त्याला ओशाळल्यासारखे वाटते. तो गप्प बसतो. 'एवढी शिकलेली माणसे आणि फसली' असे कुणी म्हणू नये, म्हणून गप्प बसतो. आमचे त्याला सांगणे आहे, की लाज तुम्हाला वाटण्याचे काहीएक कारण नाही. प्रयोगशाळेच्या यंत्रांना जे सापडले नाही, ते शोरूममध्ये चेक देणाऱ्या ग्राहकाला कसे सापडावे? लाज फसवणाऱ्याची असते, फसलेल्याची नव्हे. अस्पृश्यतेची लाज अस्पृश्यालाच वाटायला लावणारी ही व्यवस्था आहे. तिची ही जुनी युक्ती आपण ओळखली पाहिजे.

मात्र मालकाच्या दुःखापाशी थांबले तर अर्धाच हिशेब होतो. या फसवणुकीत मालक हा फसलेला आहे आणि त्याच्या नकळत तो फसवणुकीचे हत्यारही आहे. खरा फसलेला तो, ज्याने गाडी घेतलीच नाही. बडनेरा, मुर्तिजापूर, अकोला, बाळापूर या हमरस्त्याच्या कडेला ज्याचे घर आहे, जो चौकात भाजीची गाडी लावतो, जो ऑटोरिक्षात दिवसभर बसून असतो, जो ट्रकमधून पोती उतरवतो, जो उन्हात उभा राहून वाहतूक सांभाळतो, तो हा माणूस. या महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी रस्ता घालून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. आनंद आहे. त्या डांबराशेजारी राहणारा माणूस दिवसभरात किती धूर गिळतो, याचाही कुणी विक्रम मोजावा.

नायट्रोजन ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. काळा धूर दिसतो, हा दिसत नाही. तो श्वासनलिकेला सूज आणतो, दमा बळावतो, लहान मुलांना अधिक छळतो. त्यावर कडक ऊन पडले, की त्यातून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, तोही छातीला घातकच. वऱ्हाडात उन्हाची काय कमतरता? एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग देणारा म्हणून पहिल्या गटात टाकला आहे. आणि जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर अकोला आणि अमरावतीही होते. मात्र त्या कार्यक्रमाचे लक्ष्य मुख्यतः धुळीच्या कणांचे आहे. न दिसणारा हा वायू तिथेही मागच्या बाकावरच.

हवेला जात नसते, असे म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात मात्र ती होती. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ चा नियम देशातल्या फक्त १३ शहरांत लागू झाला. त्यांत मुंबई, पुणे होते, सोलापूरही होते. अकोला, अमरावती नव्हते. आम्हाला स्टेज-३. स्टेज-४ मध्ये डिझेल कारला एका किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडण्याची मुभा. स्टेज-३ मध्ये ०.५० ग्रॅम. म्हणजे सोलापूरच्या फुप्फुसाच्या दुप्पट विष वऱ्हाडच्या फुप्फुसाने कायदेशीरपणे घ्यावे, असे दिल्लीत बसून ठरले! डिझेलमधले गंधक तिकडे ५० भाग, इकडे ३५० भाग, दर दहा लाखांत. देशभर एकच नियम आला तो १ एप्रिल २०१७ ला. तोवर सात वर्षे आम्ही दोन पेल्यांच्या व्यवस्थेत जगत होतो. चहाच्या हॉटेलातला वेगळा पेला आम्हाला दिसला, म्हणून त्याविरुद्ध लढलो. हवेचा वेगळा पेला दिसलाच नाही, म्हणून त्यावर मोर्चा निघाला नाही.

मग पीयूसी कशासाठी, असे वाचक विचारतील. पीयूसीच्या केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत. म्हणजे ज्या वायूसाठी जगभर कोट्यवधींचे दंड झाले, तो शोधण्याचे यंत्र आमच्या चौकातल्या टपरीवर नाही. तरीही २०१९ च्या दुरुस्तीनंतर धुराचा नियम मोडल्याबद्दल वाहनधारकाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी जुनी झाली, की पर्यावरण कर वेगळा. टवेरावाल्याने कागद दाखवला नाही तर चौकात पावती फाटते. कंपनीने लाखभर गाड्यांच्या कागदात लबाडी केली, तेव्हा मात्र मोटार वाहन कायद्यात गाड्या सक्तीने परत बोलावण्याचे कलमसुद्धा नव्हते. ते २०१९ मध्ये आले. गावच्या चोरीसाठी आधी वेशीबाहेरच्या वस्तीची झडती घ्यायची, ही पाटीलकी आरटीओच्या चौकापर्यंत चालत आली आहे.

न्यायाच्या तराजूत काय पडले तेही पाहू. अमेरिकेत २०१६ साली सुमारे १,४७० कोटी डॉलरची तडजोड झाली. सुमारे पावणेपाच लाख मालकांपुढे गाडी परत देण्याचा पर्याय आला, वर प्रत्येकी साधारण ५,१०० ते १०,००० डॉलर भरपाई. दोन जण तिथे तुरुंगात गेले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २५ मे २०२० रोजी सांगितले, की मालक गाडी परत करून, वापराची रक्कम वजा जाता, पैसे मागू शकतो. मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने कंपनीच्या चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. भारतात काय झाले? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नेमलेल्या समितीत नागपूरची नीरी ही संस्थाही होती. या गाड्यांमुळे दिल्लीत २०१६ या एका वर्षात १७१.३४ कोटी रुपयांची आरोग्यहानी झाली, असा समितीचा अंदाज आला. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. ६ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. उत्तर प्रदेशात एका ग्राहकाने पोलिसांत गुन्हा नोंदवला. तो रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये नकार दिला. पण अमेरिकेतल्यासारखी घसघशीत भरपाई घेऊन घरी परतलेला भारतीय मालक आम्हाला दिसला नाही. आणि हिशेब झाला तोही दिल्लीच्या फुप्फुसांचा. अकोल्याच्या फुप्फुसाची किंमत काढायला समिती बसली नाही.

जानेवारी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. जर्मन मोटार कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेने २०१४ साली अमेरिकेत दहा माकडांना बंद खोलीत ठेवून डिझेल गाडीचा धूर हुंगायला लावला होता. हेतू, नवे डिझेल किती स्वच्छ आहे ते सिद्ध करण्याचा. गाडी मात्र लबाडीची आज्ञावली असलेलीच. जग हळहळले, कंपनीने माफी मागितली. माकडांची दया यावी हे योग्यच. आम्ही करुणेच्या धम्माचे लोक आहोत. पण रस्त्याकडेच्या वस्तीतली माणसे तोच धूर काचेच्या खोलीशिवाय वर्षानुवर्षे हुंगत होती. त्यांची माफी कुणी मागितल्याचे आमच्या वाचनात नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले, तेव्हाही मेलेल्यांनीच काळजी घेतली नाही, असा सूर निघाला होता. विष विकणारा शहाणा आणि श्वास घेणारा अडाणी!

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत कामगारांचे दोन शत्रू दाखवून दिले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्या शत्रूला ओळखायला शिकलो. दुसरा मात्र टाय लावून, चकचकीत शोरूममधून, सुलभ हप्त्यांचा फॉर्म घेऊन येतो, तेव्हा आपण त्याला खुर्ची देतो. आम्ही मोटारीच्या विरोधात नाही. ज्यांना बैलगाडीत बसू दिले नाही त्यांनी मोटारीत बसलेच पाहिजे. परंतु मोटार विकणाऱ्याने खरे बोलले पाहिजे. पंचशीलात न दिलेले घेऊ नये हेही आहे आणि खोटे बोलू नये हेही. या व्यवहारात दोन्ही शीले मोडली : मालकाशी खोटे बोलले गेले आणि शेजाऱ्याचा श्वास न विचारता घेतला गेला.

मग करायचे काय? १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांची रस्त्यावरची चाचणी भारतात लागू झाली आहे. चांगले झाले. पण त्या चाचण्यांचे निकाल गाडीगणिक, मराठीतून, शोरूमच्या भिंतीवर लागले पाहिजेत. परीक्षक संस्था उद्योगाच्या सावलीत नको. एआरएआय मुळात मोटार उद्योगाने सरकारच्या साथीने १९६६ साली उभारलेली संस्था आहे, हे विसरता येत नाही. हवा मोजायची यंत्रे कार्यालयांच्या गच्चीपुरती न ठेवता हमरस्त्याच्या वस्तीत लावा. दंडाचा पैसा वसूल होईल तेव्हा तो तिजोरीत न मुरता जिल्हा रुग्णालयातल्या छातीच्या विभागापर्यंत पोहोचला पाहिजे. आणि मालकांनो, एकेकट्याने शोरूमच्या मॅनेजरशी भांडू नका. एकाच तऱ्हेने फसलेल्या अनेकांना मिळून एक तक्रार करण्याची मुभा ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. मात्र साधारण दोन वर्षांची मुदत असते. लाजेने गप्प बसलेल्याची मुदत लाजेतच संपते. आमच्या वकील मंडळींनी, कर्मचारी संघटनांनी, ऑटो-टॅक्सी युनियनांनी हे काम हाती घ्यावे. आंदोलन म्हणजे केवळ पुतळ्याच्या चौकातला मोर्चा नव्हे, ग्राहक आयोगातली फाइलसुद्धा आंदोलनच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सांगितले आहे, की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यातल्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या तळ्यात उतरले. ते पाणी चवीला गोड होते म्हणून नव्हे, तर सर्वांचे होते म्हणून. हवाही सर्वांची आहे. तिचा हिशेब मागण्याची पाळी आता आपली आहे.